पोत्यातला युरिया जातो कुठे?

तंजावरच्या भातखाचरात टाकलेलं खत सगळंच पिकाला मिळत नाही. त्यातलं काही भर दुपारी हवेत उडून जातं. ते उडताना दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही कुणी करत नाही. या न दिसणाऱ्या चोरीचा हिशेब मांडायचा कसा, आणि हिशेब मांडून झाल्यावर ती थांबवायची कुणी?

पहाटे गोठ्याचं दार उघडलं, की आत पाऊल टाकायच्या आधीच नाकात एक झणका शिरतो. डोळे चुरचुरतात, क्षणभर श्वास अडतो. तान्ह्या बाळाची रात्रभर ओली राहिलेली दुपटी सकाळी बादलीत टाकताना तोच झणका. केस काळे करायच्या काही डायच्या बाटल्या उघडल्या, तरी तोच. शाळेच्या पुस्तकात याला अमोनिया म्हणतात. घरातल्या बाईला नाव आठवत नसेल, पण वास चांगलाच ओळखीचा असतो.

हा अमोनिया शेतातूनही निघतो. गोठा बंदिस्त असतो म्हणून तिथे तो कळतो. उघड्या शेतात मात्र वारा त्याला लगेच पांगवतो, त्यामुळे नाकाला पत्ता लागत नाही. शेतकरी बांधावर उभा राहून समाधानाने बघत असतो, की आज खत टाकून झालं, आता पीक हिरवं होईल. आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांदेखत त्या खताचा एक हिस्सा शेजारच्या गावाकडे निघालेला असतो!

किती हिस्सा? प्रश्न विचारायला सोपा आहे. उत्तर शोधायला मात्र शास्त्रज्ञांना अनेक वर्षं लागली, आणि त्या वर्षांत त्यांची स्वतःच्याच उपकरणांनी फसगतही झाली.

राजांचा मुलूख, कावेरीचा भात

मराठी माणसाला तंजावर म्हटलं, की व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं, बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आठवतो. पण हे सगळं वैभव ज्याच्या जिवावर उभं राहिलं, तो कावेरीच्या पाण्यावरचा भात सहसा कुणाला आठवत नाही.

तंजावर म्हणजे तमिळनाडूचं भाताचं कोठार. चोळांच्या काळातला कल्लणै बंधारा आजही पाणी वळवतो. मेट्टूरचं धरण १९३४ साली पुरं झालं, आणि दर वर्षी १२ जूनच्या सुमारास त्याचे दरवाजे कधी उघडतात, याकडे सगळ्या खोऱ्याचे डोळे लागलेले असतात. पाणी आलं, की आधी कुरुवै हे कमी मुदतीचं पीक, मग सांबा हे लांब मुदतीचं, आणि कुरुवैच्या मागून घेतात ते ताळडी. जून ते फेब्रुवारी या खोऱ्यात कुठे ना कुठे भात उभा असतोच.

खतांशीही तंजावरची ओळख जुनी आहे. १९६०-६१ मध्ये देशातल्या निवडक जिल्ह्यांत सघन शेतीचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या सात जिल्ह्यांत तंजावर होतं. सुधारित बियाणं, खत, कर्ज, सल्ला, असं सगळं एकत्र द्यायचं, ही त्यामागची कल्पना. जवळच्या आडुतुरैला १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे. तिथल्या एडीटी-२७ या वाणाने १९६० च्या दशकात या मुलखाला हरितक्रांतीची चव चाखवली. जुने वाण जास्त खत दिलं तर उंच वाढून लोळत. नव्या वाणांची खताची भूक मोठी होती आणि ते पचवायची ताकदही. तेव्हापासून युरियाचं पोतं शेतकऱ्याच्या घरचंच होऊन गेलं.

आज तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस भाताला हेक्टरी साधारण सव्वाशे ते दीडशे किलो नत्राची आहे. युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे ४५ किलोची सहा-सात पोती. ती एकदम द्यायची नाहीत, चार हप्त्यांत विभागून द्यायची. पहिला हप्ता लावणीच्या वेळी, पुढचे उभ्या पिकात. आणि हे पुढचे हप्ते बहुधा साचलेल्या पाण्यात हाताने फेकून दिले जातात. गडबड होते ती नेमकी इथे.

साबुदाणा पाण्यात पडला, की...

युरियाचे दाणे दिसायला बारीक साबुदाण्यासारखे. पाण्यात पडले, की बघता बघता विरघळतात. युरिया तसाच राहिला असता तर उडालाही नसता. पण मातीत, पाण्यात आणि कुजक्या काडीकचऱ्यावर युरिएज नावाचं विकर असतं. ते दोन-चार दिवसांत युरियाचं अमोनियम कार्बोनेट करून टाकतं. गोठ्यातल्या मुताचं जे होतं, तेच शेतातल्या युरियाचं होतं. रसायन एकच.

आता यातलं किती पाण्यात राहणार आणि किती वायू होऊन उडणार, हे ठरतं पाण्याच्या सामूवर. सामू ७ असेल, म्हणजे पाणी ना आंबट ना खारं, तर शंभरातला एक भागसुद्धा वायूच्या रूपात नसतो. सामू ८ झाला, की साधारण पाच भाग. आणि तो सव्वानऊच्या पुढे गेला, की निम्मा अमोनिया उडायला तयार!

पण खाचरातल्या पाण्याचा सामू सव्वानऊवर जाईल कशाला? याचं उत्तर आहे शेवाळ. उन्हात शेवाळ आणि पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती आपलं अन्न तयार करतात आणि त्यासाठी पाण्यातला कार्बन डाय ऑक्साइड ओढून घेतात. हा वायू पाण्यात असतो तोवर पाणी किंचित आम्लाकडे झुकलेलं राहतं. तो गेला, की सामू चढतो. सकाळी साडेसात-आठवर असलेला सामू दुपारी नऊ-दहापर्यंत जातो आणि रात्री पुन्हा खाली येतो. गंमत म्हणजे त्याच खाचरात टाकलेल्या खताने शेवाळही पोसलं जातं. आपणच चोराला जेवू घालायचं, त्यातला हा प्रकार!

वर वारा असेल तर बघायलाच नको. वारा पाण्यावरचा अमोनिया उचलून नेतो आणि नव्याला जागा करून देतो. आडी महिन्यातला वारा, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा, तमिळ मुलखात प्रसिद्ध आहे. आडीच्या वाऱ्यात वाटणाचा पाटासुद्धा उडून जातो, असं तिथे म्हणतात. नेमकं याच दिवसांत कुरुवैला वरखत दिलं जातं. जिथे पाटा उडतो, तिथे अमोनियाची काय कथा!

बाटलीतला हिरवा रंग

तर हा उडालेला अमोनिया मोजायचा कसा? अशा मोजणीचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. कृषी विद्यापीठातली एखादी विद्यार्थिनी. पहाटे साडेपाचला ती बांधावर हजर. पायांत चिखल, खांद्याला पिशवी, पिशवीत बाटल्या. खाचरात तिने जागोजागी कडी रोवून ठेवली आहेत, प्रत्येकावर झाकण. झाकणाखाली आम्लात भिजवलेला स्पंज किंवा आम्लाची छोटी वाटी. अमोनिया हा अल्क, त्यामुळे आम्ल दिसलं की त्यात अडकतो. दुसऱ्या पद्धतीत झाकणाखालची हवा पंपाने ओढून आम्लाच्या बाटलीतून बुडबुड्यांनी सोडतात.

या बाटलीत बोरिक आम्ल घातलेलं असेल, तर गंमत उघड्या डोळ्यांना दिसते. त्यात मिसळलेल्या दर्शकामुळे ते आधी गुलाबी असतं. अमोनिया शिरत गेला, की हळूहळू हिरवं होतं. बांधावरून बघणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे दाखवलं, तर तो काय म्हणेल? "अम्मा, हा हिरवा रंग माझ्या पिकावर यायला हवा होता ना? तुझ्या बाटलीत कसा आला?"

याहून नेमका प्रश्न कुठल्या परीक्षकालाही सुचणार नाही.

बाटल्या प्रयोगशाळेत जातात. तिथे ब्युरेटमधून ठरावीक तीव्रतेचं सल्फ्युरिक आम्ल थेंब थेंब सोडायचं, हिरव्याचं पुन्हा गुलाबी होईपर्यंत. जितकं आम्ल लागलं, तितका अमोनिया पकडला गेला होता. ही युक्ती नवी नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल याने १८८३ साली धान्यातलं नत्र मोजायची पद्धत बसवली. तीही अशीच, नत्राचा अमोनिया करायचा आणि तो आम्लात पकडायचा.

हिशेब करून बघू या. कड्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर एका हेक्टरमध्ये अशी तीन लाख अठरा हजार कडी मावतील. ०.०२ नॉर्मल तीव्रतेचं एक मिलिलिटर आम्ल लागलं, तर कड्यात पकडलं गेलेलं नत्र ०.२८ मिलिग्रॅम. समजा, एका दिवसाच्या बाटलीला १० मिलिलिटर आम्ल लागलं. म्हणजे २.८ मिलिग्रॅम. चिमटीतही येणार नाही इतकं! पण त्याला तीन लाख अठरा हजारांनी गुणलं, की हेक्टरी ८९० ग्रॅम नत्र होतं. युरियात सांगायचं, तर जवळजवळ दोन किलो. तेही एका दिवसात.

त्यामुळे ही मोजणी अर्धवट सोडून चालत नाही. खत टाकल्यापासून आठ-दहा दिवस ती सलग करावी लागते, कारण बहुतेक अमोनिया तेवढ्यातच निघून जातो. शेजारी बिनखताचा वाफा ठेवून त्याचा आकडा वजा करावा लागतो. मध्येच पाऊस आला तर तो पाण्यातलं खत खाली नेतो आणि त्या दिवसाचा आकडा वेगळाच येतो. घरचं लग्न असो की सण, बाटली ठरल्या वेळी बदलायलाच हवी.

झाकणाने केलेली फसवणूक

एवढं करूनही पूर्वीच्या शास्त्रज्ञांचे आकडे चुकले, आणि चुकीचं कारण त्यांच्या हातातच होतं. ते कारण म्हणजे झाकण!

शेतावर झाकण ठेवलं, की आत वारा शिरत नाही. आणि अमोनिया उडतो तो वाऱ्याने. म्हणजे मोजायच्या साधनानेच चोरी थांबवली आणि वर निर्वाळा दिला, की इथे फारशी चोरी होत नाही! अनेक वर्षं असाच समज होता, की भातखाचरातून अमोनिया थोडाच जातो, बाकीचं नत्र दुसऱ्या वाटांनी जात असावं. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रातले व्लेक आणि क्रॅसवेल यांनी १९७९ साली साचलेल्या पाण्यातल्या भातमातीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा या समजाला धक्का बसला. पाण्यात फेकलेल्या युरियातलं जवळजवळ निम्मं नत्र अमोनिया होऊन जाऊ शकतं, असं दिसलं.

मग झाकणच नको, अशी पद्धत शोधली गेली. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेच्या डेनमीड, फ्रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिपाइन्सच्या भातशेतांत ती वापरली. मोठ्या गोल वाफ्याच्या मधोमध एक खांब उभा करायचा. त्यावर वेगवेगळ्या उंचीवर छोट्या नळ्या बसवायच्या. या नळ्यांना शेपटी असते, त्यामुळे देवळाच्या कळसावरच्या निशाणासारख्या त्या वाऱ्याबरोबर वळतात आणि तोंड कायम वाऱ्याकडे ठेवतात. आतून ऑक्झॅलिक आम्लाचा लेप. वारा कुठूनही येवो, नळीतून जाताना आपला अमोनिया तिथे ठेवून जातो. १९८५ साली ही नळी शास्त्रीय नियतकालिकातून जगापुढे आली. शेत उघडंच, वारा मोकळाच आणि हिशेबही पक्का.

आणखी एक युक्ती आहे, ती पोलिसी वळणाची. लाच मागणाऱ्याला पकडायचं असेल, तर लाचलुचपतवाले नोटांना पावडर लावून देतात. शास्त्रज्ञ तसंच जड नत्राचं, म्हणजे नायट्रोजन-१५ चं, खत टाकतात. पीक कापल्यावर धान्यात, पेंढ्यात आणि मातीत हे खुणेचं नत्र किती सापडलं, ते बघायचं. जे सापडलं नाही, ते गेलं. ते कुठल्या वाटेने गेलं, हे मात्र ही युक्ती सांगत नाही. त्यासाठी पुन्हा बाटली आणि खांबच लागतो.

जगभरच्या अशा मोजण्या एकत्र करून २००२ साली बाउमन आणि सहकाऱ्यांनी अंदाज काढला. रासायनिक खतांतल्या नत्राचा सुमारे १४ टक्के भाग अमोनिया होऊन जातो. श्रीमंत देशांत हा आकडा ७, तर विकसनशील देशांत १८. आपल्याकडचा शेतकरी जास्त निष्काळजी असतो, म्हणून हे होत नाही. आपल्याकडे ऊन कडक, पाणी कोमट, पाण्यात उभा भात आणि खत बहुतेक युरियाच.

हवेतून आणलं, हवेत गेलं

यातला विनोद असा, की हे नत्र मुळात हवेतूनच आणलेलं असतं. जर्मनीत फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांनी हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करायची रीत बसवली, आणि १९१३ साली ओप्पाउ इथे पहिला कारखाना सुरू झाला. चार-पाचशे अंशांचं तापमान आणि हवेच्या दीड-दोनशे पट दाब, एवढा खटाटोप तेव्हा लागतो. आपल्या अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात नैसर्गिक वायू वापरून युरिया होतो, तोही याच रीतीने. एवढी ऊर्जा ओतून जे हवेतून ओढून आणायचं, ते आठवडाभरात पुन्हा हवेत सोडून द्यायचं!

शेतकऱ्याला पोतं मिळतं पावणेतीनशे रुपयांच्या आत. खरा खर्च त्याच्या कित्येक पट. वरचा भार सरकार उचलतं, म्हणजे आपण सगळे. १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश खतांच्या किमती मोकळ्या झाल्या, युरियाची मात्र बांधलेलीच राहिली. स्वस्त वस्तू हात सैल सोडूनच वापरली जाते. पीक पिवळं दिसलं, की टाक आणखी अर्धं पोतं!

उडालेला अमोनिया वर जाऊन नाहीसाही होत नाही. हवेतल्या गंधक आणि नत्राच्या आम्लांशी तो जोडी जमवतो आणि त्यातून अतिसूक्ष्म कण तयार होतात, थेट फुप्फुसात शिरणारे. २००६ पासून आकाशात फिरणाऱ्या युरोपियन उपग्रहांवरच्या आयासी या उपकरणाने जगाचे अमोनियाचे नकाशे काढले. त्यात आपलं गंगेचं मैदान सगळ्यात ठळक डागांपैकी एक आहे. शहरातल्या खोकणाऱ्या मुलाचा आणि शेतातल्या युरियाच्या पोत्याचा संबंध असू शकतो, हे आधी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

हिशेबातून निघालेले उपाय

मोजणीचा फायदा हा, की चोराच्या वेळा कळल्या. तो दुपारी येतो, साचलेल्या पाण्यावर येतो, वाऱ्याबरोबर येतो, पहिल्या आठवड्यात येतो. मग बंदोबस्तही तसाच करता येतो.

वरखत द्यायच्या आधी खाचरातलं पाणी काढून टाकायचं, ओलसर चिखलावर खत द्यायचं आणि मग पाणी सोडायचं, म्हणजे ते खताला खाली मातीत घेऊन जातं. तंजावरकडे सांगितली जाणारी आणखी एक रीत घरगुती वाटावी अशी आहे. युरिया पाच भाग, जिप्सम चार भाग, निंबोळी पेंड एक भाग, असं मिसळून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी शेतात टाकायचं. जिप्सममधलं कॅल्शियम त्या उडाऊ अमोनियम कार्बोनेटचं अमोनियम सल्फेट करून टाकतं, आणि ते सहजासहजी उडत नाही.

कडुनिंबाचं काम थोडं वेगळं. २०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियावर कडुनिंबाचा लेप सक्तीचा आहे. पण तो मुख्यतः अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवतो. पाण्यात वरवर फेकलेल्या युरियातला अमोनिया उडू नये, हे काम एकट्या लेपावर सोपवून चालत नाही. पोत्यावर नीम लिहिलंय म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही.

शिवाय पिकाला भूक असेल तेव्हाच जेवायला वाढायचं. १९९० च्या दशकात फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेबरोबर तंजावर आणि आडुतुरै इथे शेतागणिक खताचं प्रमाण ठरवायचे प्रयोग झाले. हिरव्या रंगाच्या छटांची एक साधी पट्टीही निघाली. भाताचं पान तिच्यावर ठेवायचं, छटा फिकी असेल तरच युरिया द्यायचा. साडीला जुळणारं ब्लाउज पीस शोधावं, इतकं हे सोपं!

एकरी पंचवीस हजार वेळा

पण सगळ्यात पक्का उपाय म्हणजे युरिया पाण्यावर टाकायचाच नाही, चिखलात खोल पुरायचा. तिथे ऊन नाही, शेवाळ नाही, वारा नाही. या उपायासाठी तंजावरहून आपल्या भातपट्ट्याकडे यावं लागतं, कारण त्याच्याशी एका मराठी मृदाशास्त्रज्ञाचं नाव जोडलेलं आहे. डॉ. एन. के. सावंत. भातखाचरातल्या नत्राचं काय काय होतं, यावर त्यांनी डे दत्ता यांच्यासोबत १९८२ साली विस्तृत आढावा लिहिला. १९९० मध्ये युरियाच्या मोठ्या गोळ्या खोल पुरण्यामागचं शास्त्र स्टँगेल यांच्यासोबत मांडलं. आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला त्यांनी दिली चारसूत्री भात लागवड. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, शेतात गिरिपुष्पाचा हिरवा पाला, दोरीवर नियंत्रित लावणी आणि चौथं सूत्र युरिया-डीएपीची गोळी.

गोळी सुमारे २.७ ग्रॅमची. लावणीच्या दिवशीच, चार चुडांच्या मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल बोटाने दाबायची. चार चुडांना एक गोळी. ती मुळांच्या शेजारी बसून सावकाश विरघळते. बांगलादेशात अशा गोळ्यांनी युरियाची गरज साधारण एकतृतीयांशाने कमी झाली आणि भातही जास्त पिकला, असा अनुभव आहे.

मग सगळे शेतकरी हेच का करत नाहीत? गोळ्या मोजा, म्हणजे कळेल. हेक्टरी ६२,५००. एकरी २५,०००. म्हणजे एका एकरात पंचवीस हजार वेळा चिखलात बोट खुपसायचं! आणि हे बोट बहुधा बाईचं असतं. लावणी तिनेच केलेली असते. दिवसभर वाकून पाठीचा काटा ढिला झालेला असतो, बोटांच्या बेचक्या चिखलाने कुजलेल्या असतात. त्याच संध्याकाळी तिला सांगायचं, की आता गोळ्याही पूर. वाचलेला युरिया पोत्यामागे काही रुपयांचा. तिची मजुरी त्याहून जास्त. शेतकरी मनातल्या मनात हा हिशेब करतो आणि घमेलं उचलून युरिया फेकून मोकळा होतो. त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. त्याच्या हिशेबात कारखान्याचा वायू, सरकारची सबसिडी आणि दूरच्या शहरातल्या मुलाचा खोकला येत नाही, एवढंच.

गोळ्या पुरायची ढकलयंत्रं निघाली आहेत. ती हलकी झाली, गावच्या लोहाराला दुरुस्त करता आली आणि चिखलात न रुतता चालली, तर या बायकांच्या पाठी वाचतील. त्या बनवणाऱ्यांनी नुसतं नत्र मोजून भागणार नाही. एका एकरात ती बाई किती वेळा वाकली, हेही वहीत लिहायला हवं.

तंजावरला लिहून ठेवायची सवय जुनी आहे. सरफोजीराजांच्या काळात डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं चित्रांसकट ठेवली गेली, आणि ती आजही सरस्वती महालात आहेत. रोगी कोण, त्रास काय, औषध कुठलं, गुण आला का, असा सगळा तपशील. खाचरातल्या बाटल्यांची वही त्याच जातीची. तारीख, वेळ, पाण्याचा सामू, वारा, लागलेलं आम्ल.

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर या वहीत आहे. अय्या, बाटलीतला रंग तुमच्याच पोत्यातला. पुढच्या खेपेला पाणी काढा, वारा पडला की संध्याकाळी खत टाका, आणि पान फिकं दिसेल तेव्हाच टाका. सगळं वाचणार नाही. पण सहा पोत्यांतलं एक जरी वाचलं, तरी ते तुमचंच आहे.